अण्णांच्या वहीतले इंग्रजी शब्द

माझ्या सासऱ्यांना इंग्रजी येत नाही, असं मी लग्न झाल्यापासून तेरा वर्षं धरून चालले होते. तसं कोणी सांगितलं नव्हतं. पण दवाखान्यातून औषधाची बाटली आली की ते ती माझ्या हातात द्यायचे. "पोरी, ह्याच्यावर काय ल्हेलंय, बघ बरं." बँकेचं, गॅसचं, विम्याचं असं काही इंग्रजी पत्र आलं की न फोडता माझ्या टेबलावर ठेवायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवते. तेव्हा घरातलं इंग्रजी हे माझं काम, एवढा साधा हिशेब होता आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

आम्ही श्रीरामपूरला राहतो. सासऱ्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, माझी मुलगी तेवढी आजोबा म्हणते. अण्णा सातवी शिकलेले. प्रवरेकाठच्या एका खेड्यातून तरुणपणी इथं आले आणि एका छापखान्यात लागले ते तो बंद पडेपर्यंत तिथंच राहिले. माझं लग्न ठरलं तेव्हा "सासरे प्रेसमध्ये होते" एवढंच कानावर आलं होतं. मशीन चालवत असतील, कागद कापत असतील, असं मी समजले आणि पुढे विचारलंही नाही. अण्णा मुळात कमी बोलणारे. सकाळी पेपर, दुपारी थोडी झोप, संध्याकाळी स्टेशनच्या बाजूला एक फेरी, आणि हाताला सतत काहीतरी काम. लसूण सोलतील, शेंगा फोडतील, नातीच्या वह्यांना कव्हरं घालतील. त्यांच्या कव्हराची घडी एवढी सरळ असायची, की तिच्या वर्गातल्या मैत्रिणीही वह्या पाठवायच्या. ही घडी कुठून आली, हेही मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

त्या वर्षी तालुक्यातल्या शाळांची इंग्रजी शब्दांची स्पर्धा ठरली होती. फळ्यावर दोन-तीन अक्षरं लिहायची आणि ती ज्यात आहेत असे शब्द मुलांनी ठराविक वेळात शोधायचे. आमची शाळा गावाबाहेरची, मराठी माध्यमाची. बहुतेक मुलं वस्त्यांवरून सायकलीने येणारी. त्यांची तयारी करून घ्यायची म्हणजे आधी माझी तयारी हवी. म्हणून एका रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत कागद घेऊन बसले होते. सहावीतली माझी मुलगी मोबाईलवर असलाच एक खेळ खेळते, ती मला प्रश्न घालत होती. अण्णा पलीकडे दिवाणावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"मम्मी, दोन झेड असलेले शब्द सांग," मुलगी म्हणाली.

"पझल, डॅझल, पिझ्झा, बझ, जॅझ."

"अजून एक राहिलाय. सहा अक्षरं. एनपासून सुरू होतो."

मी डोकं खाजवलं. एन. नझ, निझ, काही जुळेना.

"एन, ओ, डबल झेड, एल, ई," अण्णा म्हणाले.

शेंगा फोडणं थांबलं नव्हतं. मुलीने ती अक्षरं दाबली आणि मोबाईलमधून टुणकन आवाज आला. नोझल! मला हसू आलं. फवारणीच्या पंपाचं नोझल इथं कोणाला ठाऊक नाही? पंपावर लिहिलेलं वाचलं असेल, म्हटलं.

मुलीला मात्र चेव आला. "आजोबा, एका शब्दात तीन जोड्या. म्हणजे तेच अक्षर लागोपाठ दोनदा, असं तीन वेळा."

"सी, ओ, डबल एम, आय, डबल टी, डबल ई."

कमिटी. तरीही मी स्वतःची समजूत घातली. साखर कारखाना म्हणा, सोसायटी म्हणा, शाळा म्हणा, आमच्या भागात पाटीवर कमिटी नाही असं एक दार सापडणार नाही.

"एकच स्वर असलेला सगळ्यात लांब शब्द?" मुलीने विचारलं.

आता अण्णांचा हात थांबला. "स्वर म्हंजी ए, ई, आय, ओ, यू, त्येच ना?" त्यांनी डोळे मिटले. उजवा हात मांडीवरून उठला आणि हवेत इकडे-तिकडे सरकू लागला, जणू समोर एखादं मोठं ताट मांडलंय आणि त्यातून ते काही वेचतायत. "नऊ अक्षरं. ई यकच. एस, टी, आर, ई, एन, जी, टी, एच, एस."

मी कागदावर लिहून घेतलं. पुन्हा मोजलं. मग पेन खाली ठेवलं.

"अण्णा, हा शब्द तुम्हाला कुठून माहीत?"

"कोन्ता?"

"हाच. स्ट्रेंग्थ्स."

अण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "आसं म्हन्त्यात व्हय त्याला?"

ते चेष्टा करत नव्हते. तो शब्द कसा उच्चारतात, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

मग त्या दुपारी, तेरा वर्षांत पहिल्यांदा, मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. ते मशीनवर नव्हतेच. ते खिळे जुळवायचे. शिशाचा एकेक अक्षराचा खिळा खणातून उचलायचा, हातातल्या लोखंडी पट्टीत उलटा मांडायचा, शब्द, मग ओळ, मग पान. छपाई झाली की सगळे खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. "मराठीचे खिळे रग्गड व्हते," अण्णा म्हणाले. "इंग्रजीचा संच यकच, त्यो बी झिजलेला. मालक म्हनायचे, इंग्रजीचं काम येतंय किती, कशाला नवा घ्यायचा? पन काम तर यायचं. कारखान्याचा आहवाल, चर्चची पत्रकं, बियांच्या याद्या, कालेजाचे पेपर, कोर्टाच्या नोटिसा. आन् झेडचे खिळे धा-बारा. क्यू त्याहून कमी. के बी लई न्हवते."

"मग?"

"मग काय! निम्मं पान जुळवून झालं आन् झेड संपला, म्हंजी सगळं मोकळं करा. म्हनून हातात कागद आला की आधीच कळाया पाहिजे, कोन्त्या शब्दात काय किती हाय. इंग्रजी वाचता येत न्हवतं. मग मी वही केली."

"कसली वही?"

दिवाणाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात जुने स्वेटर आहेत, एवढंच मला माहीत होतं. स्वेटरांच्या खाली, बियाण्याच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेली एक लांबट वही निघाली. अण्णांनी ती पुसली आणि माझ्या हातात दिली.

मी ती उघडली आणि पहिल्यांदा वाटलं, ही छापलेलीच आहे. एकही अक्षर दुसऱ्याला चिकटलेलं नाही. प्रत्येक अक्षराला वर-खाली बारीक आडव्या रेघा, पुस्तकातल्या छापील अक्षरांना असतात तशा. त्यांना लिहिण्याची दुसरी पद्धत ठाऊकच नव्हती. इंग्रजी अक्षर त्यांनी पाहिलं ते खिळ्यावर, म्हणून ते तसंच काढत होते.

एकेका अक्षराला काही पानं दिली होती. झेडच्या पानावर वर मराठीत 'यक', 'दोन' असे रकाने आणि खाली शब्द. केच्या पानावर बुककीपिंग होता, कॉमर्सच्या पेपरातला, कारण त्यात दोन के शेजारी-शेजारी येतात आणि के कमी. एसच्या पानावर पझेशन, चार एसचा, कोर्टाच्या नोटिशीतला. वायच्या एका पानाला मथळा होता, 'ए ई आय ओ यू न्हाई'. त्याखाली ऱ्हिदम होता आणि त्याच्यापुढे कंसात मराठीत लिहिलं होतं, 'चूक न्हाई, आसाच हाय.'

"हा पहिल्यांदा आला तवा मी परत पाठवला हुता," अण्णा म्हणाले. "म्हनलं, पोरानं टायपिंग करताना काय तरी खाल्लंय."

पानंच्या पानं मी उलटत गेले. शेकडो शब्द, कदाचित हजारात जातील. मी मोजले नाहीत. त्यातले कित्येक मला, इंग्रजी विषयात पदवी घेतलेल्या बाईला, शब्दकोशात पाहावे लागले असते. आणि एकाही शब्दापुढे अर्थ नव्हता.

"अण्णा, अर्थ का नाही लिहिले?"

"अर्थ गिऱ्हाइकाचा," ते म्हणाले. "आमचं काम अक्षरांचं."

त्यानंतर मला वेडच लागलं. स्वयंपाक करता करता मी आतून ओरडायचे, "अण्णा, एक्स आणि वाय!" बाहेरून उत्तर यायचं, "ओ, एक्स, वाय, जी, ई, एन. दवाखान्याच्या पत्रकात यायचा." मी विचारायचे, "पाचही स्वर एकेकदाच?" ते म्हणायचे, "ई, डी, यू, सी, ए, टी, आय, ओ, एन. ह्यो साळंच्या परत्येक कागदावर. आन् दुसरा बियांच्या यादीतला, सी, ए, यू, एल, आय, एफ, एल, ओ, डब्ल्यू, ई, आर." मी म्हणायचे, "अण्णा, तो आपला फ्लॉवर." ते म्हणायचे, "आरं तिच्या! भाजीचा फ्लावर?" आणि स्वतःशीच मान हलवत राहायचे.

शब्द ते आठवत नव्हते, उचलत होते. प्रत्येक वेळी डोळे मिटायचे आणि हात निघायचा. ई म्हटलं की तळहात छातीसमोर, मधोमध, कारण ई सगळ्यात जास्त लागतो, म्हणून त्याचा खण सगळ्यात मोठा आणि हाताजवळ. झेड आणि एक्स म्हटलं की हात डावीकडे खालच्या कोपऱ्यात जायचा. खिळे कमी पडले की करायच्या युक्त्याही त्यांनी सांगितल्या. एन उलटा लावला की यू होतो. बी उलटा लावला की क्यू. "गिऱ्हाइकाला कधी कळलं न्हाई," ते म्हणाले. "मला मातर छापून आलं की त्योच दिसायचा."

मला हे सगळं मुलांना दाखवायचं होतं. अण्णा आधी नाहीच म्हणाले. "सातवी शिकल्याली मान्सं साळंत शिकवाया जात न्हाईत." मी मुख्याध्यापकांची परवानगी काढली, मुलीने आग्रह धरला, आणि शेवटी एका शनिवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायजमा, टोपी अशा थाटात ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. वही पोटाशी धरलेली.

आठवीचा वर्ग. तीसेक मुलं. मी त्यांना सांगितलं, "कुठलीही दोन अक्षरं सांगा, आजोबा शब्द देतील." सुरुवातीला मुलं बुजली. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, "के आणि डब्ल्यू!"

अण्णांनी डोळे मिटले. हात हवेत गेला. "के, एन, ओ, डब्ल्यू, एल, ई, डी, जी, ई." मी फळ्यावर लिहीत गेले. नॉलेज. वर्गात कुजबुज झाली. "क्यू आणि झेड!" "क्यू, यू, आय, झेड. आन् दुसरा एस, क्यू, यू, डबल ई, झेड, ई." "जे आणि डी!" मुलं उभी राहून ओरडायला लागली. काही जणांनी शब्दकोश काढून तपासायला सुरुवात केली, आणि शब्द सापडला की टाळ्या पडायच्या. शेजारच्या वर्गावरचे सर दाराशी येऊन थांबले ते तिथंच राहिले. मी खडू हातात धरून फळ्यापाशी उभी होते. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून लसूण सोलत होता.

"आजोबा, तुम्हाला सगळं इंग्रजी येतं?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "अक्षरं येत्यात."

ती मुलगी वही पाहायला पुढे आली. तिने एलच्या पानावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा वाचून दाखवा ना."

पी, एस, ए, एल, एम. चर्चच्या पत्रकात दर आठवड्याला येणारा शब्द. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी घसा खाकरला आणि एकेक अक्षर धरून वाचलं, "प-साल्म."

मुलं हसली. त्यात दुष्टपणा काहीच नव्हता. एवढा मोठा जादूगार अडखळला म्हणून ती हसली. पण अण्णांनी वही मिटली. "येतो मी," म्हणाले, मुलांना हात जोडले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर वही पिशवीत, पिशवी ट्रंकेत, वर स्वेटर.

आठवडाभर त्यांनी अक्षरांचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. रात्रंदिवस एकच बोचत होतं, की मी माझ्या हौसेसाठी त्यांना वर्गासमोर उभं केलं. शेवटी न राहवून एका सकाळी चहा देताना म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं."

"तुजं काय चुकलं? पोरं हासनारच. मी बी हासलो असतो." त्यांनी कप खाली ठेवला. "हासन्याचं न्हाई पोरी. मला माझाच आवाज आयकून कसंतरी झालं. येवढी वर्सं जुळावला त्यो शब्द, पन तोंडानं कधी म्हनलोच न्हाई. त्यो गपच व्हता. सगळेच गप हायेत. म्हनलं, बघावं म्हनून, तर त्यो तसा निघाला."

माझ्याकडे शब्द आले ते आवाजातून. आमच्या बाईंनी म्हणून दाखवले, मग लिहिले. एखाद्याच्या डोक्यात शेकडो शब्द असतील, सुबक, बिनचूक, आणि त्यातल्या एकालाही आवाज नसेल, ही कल्पना माझ्या आवाक्यात येत नव्हती.

त्यावर तोड काढली ती माझ्या मुलीने. ती आमचं बोलणं ऐकत होती. त्या दुपारी शाळेतून आल्यावर दप्तर न काढताच ती आजोबांच्या शेजारी बसली आणि मोबाईलवरचा शब्दकोश उघडला.

"आजोबा, तो परवाचा शब्द सांगा. अक्षरं."

"ऱ्हाऊ दे गं."

"सांगा तर."

त्यांनी सांगितली. तिने ती दाबली आणि शब्दाशेजारच्या भोंग्याच्या चित्रावर बोट टेकवलं. मोबाईलमधून एका बाईचा आवाज आला, "साम."

अण्णा वाकून मोबाईलकडे पाहू लागले. "पुन्ना लाव."

"साम."

"पी कुठं गेला?"

"तो लिहायचा फक्त. म्हणायचा नाही."

"आन् एल?"

"तोपण."

"आरं देवा!" अण्णा म्हणाले. "दोन-दोन खिळे मी उगंच घातले काय त्यात?"

आणि ते हसले. त्या शनिवारनंतर पहिल्यांदा. मग ट्रंक उघडली, स्वेटर बाजूला झाले, वही निघाली. मी संध्याकाळचा स्वयंपाक करायला उठले तेव्हा ती दोघं सीच्या पानावर होती. भाकरी झाल्या तरी तिथंच. आतून मला एकेक शब्द ऐकू यायचा, आधी अण्णांच्या तोंडून अक्षरं, मग त्या बाईचा आवाज, मग अण्णा तो शब्द हलकेच म्हणून पाहायचे. जणू इतकी वर्षं ज्यांना नुसतं बघत आलो, ती माणसं आज पहिल्यांदा बोलतायत, अशा चेहऱ्याने ते ऐकत होते. मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिले.

"सी, एच, ओ, आय, आर," अण्णा म्हणाले.

"क्वायर," बाई म्हणाली.

अण्णा चमकले. "क्वायर म्हंजी तर दस्ता! कागदाचा. त्याला क्यू लागतो. क्यू, यू, आय, आर, ई." मुलीने तोही लावला. आवाज तोच. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, पहिला म्हणजे चर्चमध्ये एकत्र गाणाऱ्यांचा ताफा, दुसरा तुमचा दस्ता. लिहायला वेगळे, बोलायला एकच.

"ह्याच्यात क्यू न्हाई आन् क्यू आयकू येतोय," ते पुटपुटले. त्यांना ते कोडं सोडवेना आणि सोडवावंसंही वाटत नव्हतं, असं मला वाटलं. ते नुसते त्याच्याकडे बघत होते.

मग त्यांनी एलचं पान उलटलं. "ह्यो लाव. सी, ओ, एल, ओ, एन, ई, एल."

"कर्नल."

अण्णांनी वहीतल्या शब्दावर बोट ठेवलं. मुलीने विचारलं, "पुन्हा लावू?" त्यांनी मान हलवली. तिने लावला. पुन्हा लावला. सात-आठ वेळा तरी तो शब्द खोलीत घुमला.

"आमच्याकडं नगरहून मिलिट्रीतले यक सायब यायचे," अण्णा म्हणाले. "आमंत्रनाची कार्डं छापाया. लई चांगला मानूस. यकदा माझ्या शेजारी स्टुलावर बसून खिळे जुळवताना बघत व्हते. मी त्यांना म्हनायचो, चा घ्या कर्नल सायब. आन् हातानं कार्डावर हेच जुळवीत व्हतो. सी, ओ, एल, ओ. मला वाटलं, ह्ये त्यांचं आडनाव आसंल." ते थांबले. "त्येच व्हय ते? तोंडानं म्हनत हुतो त्येच हातानं जुळवीत हुतो?"

"तेच, अण्णा."

"पन ह्यात आर कुठंय?"

"नाहीच आहे."

"आर न्हाई," त्यांनी स्वतःशी म्हटलं. डोळे मिटले, हात हवेत गेला, एकेक खण चाचपत सातही अक्षरं त्यांनी पुन्हा उचलून पाहिली. आर नव्हता. त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या लहान पोराने पहिल्यांदा धरणाचं पाणी बघावं तसा झाला होता.

पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःच विचारलं, "मला नेतीस का साळंत?"

वर्गात गेल्यावर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "तुमी त्या दिशी हासला," ते मुलांना म्हणाले, "बरूबर हासला. मी चुकीचं वाचलं व्हतं. आता आयका." आणि त्यांनी म्हटलं, "साम." मग पी आणि एलची सगळी हकिगत सांगितली, कर्नलसाहेबांची सांगितली. मुलं पुन्हा हसली, पण या वेळी अण्णाही त्यांच्यात होते. वहीत त्यांनी दोन नवी पानं केली होती. एकावर 'दिसतंय पन आयकू येत न्हाई', दुसऱ्यावर 'आयकू येतंय पन न्हाई'. दुसऱ्या पानावर दोनच शब्द होते. "ह्यात भर घाला," ते म्हणाले.

मुलं वह्या चाळू लागली. मी ओठ मिटून उभी होते. मग ती पुढच्या बाकावरची मुलगी उठली. "आजोबा, वन! आकडा. वन म्हणताना डब्ल्यू ऐकू येतो आणि त्यात ओ, एन, ई एवढंच आहे."

अण्णांनी टेबलाचा आधार घेतला. "आरं, ह्यो तर परत्येक पानावर हाय," म्हणाले, आणि तिथंच उभ्या-उभ्या आपल्या त्या छापील हाताने तो शब्द वहीत मांडला. त्यापुढे मराठीत त्या मुलीचं नाव, वर्ग आणि तुकडी लिहिली. कोणी सांगितला ते असावं म्हणून.

स्पर्धेत आमचा संघ तालुक्यात चौथा आला. इंग्रजी माध्यमाच्या शाळा पुढे होत्या आणि त्या पुढेच राहिल्या. मुलांना वाईट वाटलं. पण परत येताना एसटीत ती रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होती आणि कोणत्या अक्षराला आवाज नाही यावरून भांडत होती. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

अण्णा अजून शनिवारी शाळेत येतात. जमेल तेव्हा. आता ते अर्थही विचारतात. रोज एखाद-दुसरा, चहाच्या वेळी. मी सांगते, ते ऐकतात, कधी पटतं, कधी "आसं व्हय!" म्हणतात, कधी नुसते बघत राहतात. गेल्या महिन्यात एकदा ते म्हणाले, "वहीत नसल्याला यक शब्द इचारू का?"

"वहीत का नाही?"

"त्याची कधी आडचनच आली न्हाई. त्याची अक्षरं रग्गड आसायची. पन मी सगळ्यात जास्त जुळावला आसंल तर त्योच. टी, एच, ई. मालकाला यकदा इचारलं, तर म्हनले, त्याला काय अर्थ न्हाई, तू जुळव. आसं कसं आसंल? इतक्यांदा येतंय आन् अर्थ न्हाई?"

अठरा वर्षं मी तो शब्द शिकवते आहे. नियम फळ्यावर लिहून देते, मुलं उतरवून घेतात. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की मराठीत सांगायला माझ्याकडे काही नाही.

"अण्णा, समजा एखादा माणूस तुम्हाला पहिल्यांदा भेटला," मी चाचपडत म्हटलं. "तर इंग्रजीत म्हणतात, ए मॅन. कोणी एक माणूस. पण तोच माणूस पुन्हा आला, कोणता ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, की मग द मॅन. तो माणूस."

अण्णांनी कप बशीत ठेवला. "म्हंजी वळख झाल्याबिगर लागत न्हाई."

इतकं सोपं करून मी ते कधीच शिकवलं नव्हतं.

"आन् सूर्व्याला?" त्यांनी विचारलं. "त्याची तर पयल्यापासनंच वळख."

"त्याला पहिल्यापासूनच लागतो."

"बरूबर हाय." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि नातीला हाक मारली. "ये, मोबाईल आन गं. ह्याचा आवाज आयकू."

तिने आणला. बाईने एकदा द म्हटलं, एकदा दि म्हटलं. अण्णांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. "दोन हायेत?"

"दोन आहेत," मी म्हटलं. "पुढच्या शब्दावर अवलंबून आहे."

त्यांनी दिवाणावर माझ्यासाठी जागा केली. "बस मंग. कुकर बंद करून ये आन् सांग."